कुत्रं कोणत्या खात्याचं?

समजा, बाजाराच्या दिवशी मानोऱ्यात एका सात-आठ वर्षांच्या मुलाच्या पोटरीला कुत्रं चावलं. मानोरा हे वाशिम जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पोहरादेवी याच तालुक्यात, त्यामुळे बंजारा समाजात हे नाव देशभर ओळखीचं. आई मुलाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात जाते. केसपेपर निघतो, जखम धुतली जाते, लस टोचली जाते, पुढच्या तारखा लिहून मिळतात. इथवरचं काम आरोग्य खात्याचं.

चावलेलं कुत्रं मात्र अजून बाजारातच आहे. ते आजारी आहे की नुसतं घाबरून चावलं, हे सांगू शकणारा माणूस गावातच पशुवैद्यकीय दवाखान्यात बसतो. तो पशुसंवर्धन खात्याचा. त्याच्याकडे बैल येतात, म्हशी येतात, शेळ्या येतात. कुणीतरी दोरी धरून आणलेली जनावरं. बाजारातल्या कुत्र्याची दोरी कोण धरणार? मग उरते नगरपंचायत. मोकाट जनावरांचा बंदोबस्त तिच्याकडे, आणि ती नगरविकास खात्याखाली. तिच्याकडे घंटागाड्या असतात, सफाई कामगार असतात, पशुवैद्य नसतो.

म्हणजे विषाणू एक आणि खाती तीन. मुलाचा कागद एका कपाटात, कुत्र्याचा रोग ओळखणारा दुसऱ्या इमारतीत, आणि कुत्रं पकडण्याची जबाबदारी तिसऱ्याच टेबलावर. हे फक्त मानोऱ्याचं नाही. महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक छोट्या गावाचं हेच चित्र आहे. ही वाटणी कुणी एका दिवशी बसून ठरवली नाही. ती कशी होत गेली हे बघायचं तर जवळजवळ दोनशे वर्षं मागे, मुंबईच्या कोटात जावं लागतं.

* * *

६ जून १८३२. मुंबईवर ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य. उन्हाळ्याच्या दिवसांत रस्त्यावरची बेवारस कुत्री मारायची, असा नियम १८१३ पासून होता. त्यामागे युरोपातली एक जुनी समजूत होती: कडक उन्हात कुत्री पिसाळतात. प्रत्यक्षात रेबीजला ऋतू नसतो, तो बारा महिने असतो. पण समजूत एकदा नियमात शिरली की तिला हलवणं अवघड जातं.

मेलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे पोलीस शिपायाला आठ आणे मिळत. आठ आणे तेव्हा लहान रक्कम नव्हती. त्यामुळे काय झालं असेल ते सांगायला नको. पिसाळलेलं कुत्रं शोधण्यापेक्षा जवळचं, गरीब, शेपूट हलवत येणारं कुत्रं मारणं सोपं. शिपाई घरांच्या ओट्यांवरून, अंगणांतून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले.

त्या वर्षी कुत्री मारण्याची मुदत वाढवली होती, आणि तो दिवस पारशांचा पवित्र दिवस होता. पारशी धर्मात कुत्र्याला वेगळा मान आहे. माणूस गेला की त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते. त्या विधीला सगदीद म्हणतात. कोटात पारशी वस्ती दाट. लोक चिडले, शिपायांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, हरताळ पडला. दुकानं बंद, कुलाब्याच्या छावणीत जाणारी रसद अडवलेली, साहेबांच्या गाड्यांवर दगड. या हरताळात पारशांबरोबर हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही होते. शेवटी लष्कर बोलावलं, धरपकड झाली, खटले चालले. इतिहासात याला ‘बॉम्बे डॉग रायट्स’ म्हणतात. मुंबईत ब्रिटिशांच्या विरोधात झालेल्या सुरुवातीच्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि तिचं कारण कुत्रं.

दंगल शमल्यावर जमशेटजी जीजीभॉय आणि इतर शेटियांनी सरकारकडे अर्ज केला: कुत्री मारू नका, पकडून शहराबाहेर न्या. पुढे १८३४ मध्ये, जमशेटजी आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने, मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. आज तिथे गाई दिसतात. सुरुवातीला मात्र भटक्या कुत्र्यांना आसरा देणं हा तिचा एक मुख्य हेतू होता.

या सगळ्या भांडणात एक गोष्ट मला फार जाणवते. कंपनी उपद्रवाबद्दल बोलत होती. पारशी धर्माबद्दल बोलत होते, जैन अहिंसेबद्दल, व्यापारी आपल्या मानाबद्दल. ज्याला कुत्रं चावलं त्या माणसाबद्दल कुणीच बोलत नव्हतं. अर्थात त्याच्यासाठी करण्यासारखं काही कुणाच्या हातात नव्हतंही. जखमेवर तापलेलं लोखंड ठेवायचं, नाहीतर वाट बघायची. पण पुढे करण्यासारखं बरंच काही हातात आलं, तरी भांडणाचे पक्ष तेच राहिले: मारा, हलवा, राहू द्या.

* * *

‘बेवारस कुत्रा’ ही कल्पनाच मुळात परकी आहे. इंग्रजी कायद्याच्या डोळ्यांना कुत्रा दोन प्रकारचा दिसतो: मालक असलेला आणि मालक नसलेला. गळ्यात पट्टा, पालिकेकडे कर भरलेला, तो पहिला. बाकी सगळे मारण्याजोगे.

आपल्या गावांत तिसराही एक प्रकार कायम होता. गल्लीतलं कुत्रं. त्याला एक घर भाकरी टाकतं, दुसरं हाकलतं, तिसऱ्याच्या ओसरीवर ते पावसात झोपतं, आणि रात्री सगळ्या गल्लीची राखण करतं. बंजाऱ्यांच्या तांड्याबरोबर बैलांच्या रांगांशेजारून चालणारी कुत्री तर ब्रिटिश अधिकाऱ्यांच्याही नोंदींत आली आहेत. मिठा-धान्याच्या गोण्या आणि माणसं रात्री त्यांच्या भरवशावर झोपत. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. खंडोबाचा भक्त स्वतःला वाघ्या म्हणवून घेतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना माहीत असते. आणि याच भाषेत ‘कुत्र्याच्या मौतीने मरणं’ ही सगळ्यात वाईट गत आहे. आपलं कुत्र्याशी नातं सरळ कधीच नव्हतं.

कायद्याला असलं नातं नोंदवता येत नाही. म्हणून सरकारी मराठीत शब्द फिरत राहिले: बेवारस, मोकाट, भटके. २०२३ च्या नियमांत केंद्र सरकारने ‘सामुदायिक प्राणी’ असा शब्द आणला. जन्म वस्तीत, मालकी कुणी सांगितलेली नाही, असा प्राणी. दोनशे वर्षांनी कायद्याला गल्लीतलं कुत्रं दिसलं म्हणायचं. पण ‘सामुदायिक’ म्हणजे सगळ्यांचं, आणि सगळ्यांच्या गोष्टीचं सरकारी दरबारी काय होतं ते आपण जाणतोच.

गुराढोरांच्या बाबतीत असं झालं नाही. १८७१ चा गुरे अतिचार कायदा बघा. त्यातूनच गावोगावचे कोंडवाडे चालले. कुणाचं जनावर कुणाच्या शेतात शिरलं तर ते कोंडवाड्यात घालायचं. मालकाने दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवून न्यायचं. कुणी आलंच नाही तर लिलाव. साधी, चालणारी व्यवस्था, कारण गाईला किंमत आहे. दंड भरूनही ती सोडवणं मालकाला परवडतं आणि लिलावात कुणीतरी बोली लावतं. कुत्र्याच्या लिलावाला कोण येणार?

पशुवैद्यक खातंही याच हिशोबावर वाढलं. सुरुवातीला सरकारला काळजी होती लष्कराच्या घोड्यांची. मग बैलांची, कारण बैल मेला की नांगर थांबतो आणि सारा बुडतो. बुळकांडीच्या साथीत गावंच्या गावं जनावरांविना पडत. त्या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा सुरू झाली. काही वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. शंभरेक वर्षं लस, पाळत, पुन्हा लस असं काम चाललं, आणि २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला. २०११ मध्ये सगळं जग. माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेले रोग दोनच: देवी आणि बुळकांडी. त्यातला दुसरा बैलांचा होता, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

अगदी अलीकडचं उदाहरण लम्पीचं. २०२२ मध्ये हा त्वचारोग पसरला तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले, राज्यभर गोवंशाला मोफत लस दिली गेली, आणि मेलेल्या गाईमागे ३०,०००, बैलामागे २५,०००, वासरामागे १६,००० रुपये अशी मदत ठरली. यंत्रणा हलते, चांगली हलते. फक्त तिला जनावराची किंमत आकड्यात सांगावी लागते.

* * *

आता चावलेल्या माणसाकडे येऊ.

६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचली, आणि तो जगला. रेबीज हा विचित्र रोग आहे. विषाणू जखमेतून नसेत शिरतो आणि हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तो मेंदूत पोचायच्या आत लसीने शरीर तयार झालं तर माणूस वाचतो. लक्षणं दिसायला लागली, पाणी बघून घशाला आचके यायला लागले, की मग आजही जवळजवळ काहीच करता येत नाही. म्हणजे हा सगळा शर्यतीचा मामला. जखम मेंदूच्या जितकी जवळ तितकी वेळ कमी.

भारतात सुरुवातीला ही सोय नव्हती. ब्रिटिश सैनिकांना कुत्रं चावलं तर त्यांना बोटीने पॅरिसला पाठवत. मग १९०० मध्ये सिमल्याजवळ कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली, डेव्हिड सेम्पल यांच्या हाताखाली. १९०७ मध्ये दुसरी, दक्षिणेत कुन्नूरला. दोन्ही थंड हवेच्या ठिकाणी. लस जपायला थंडी हवी होती, आणि साहेबालाही.

वऱ्हाडातल्या माणसाने काय करायचं? १९०५ च्या आसपास मानोऱ्याकडच्या कुणाला पिसाळलेलं कुत्रं चावलं असतं, तर वाट साधारण अशी पडली असती. आधी बैलगाडीने कारंजा किंवा दारव्हा. तिथून पुढे मूर्तिजापूरपर्यंत. मूर्तिजापूरहून मोठ्या गाडीने भुसावळ, मग उत्तरेला दिल्ली, मग कालका. कालक्याहून डोंगरातली छोटी गाडी धरमपूरपर्यंत आणि पुढे चढण. अंगात एक धोतर-बंडी, आणि कसौलीची थंडी. भाषा वेगळी, जेवण वेगळं. तिथे दोनेक आठवडे रोज टोचून घ्यायचं आणि तीच वाट उलटी धरायची. हा सगळा वेळ विषाणू नसेतून वर सरकतोच आहे.

किती जण निघाले असतील? पिकाचे दिवस सोडून, जमीन-जनावर कुणाच्या तरी हवाली करून, सिमल्याच्या बाजूला कुठेतरी एक साहेब सुई टोचतो म्हणून? बहुतेकांनी जखमेवर चुना लावला असेल, मिरचीपूड भरली असेल, जाणत्याला बोलावून मंत्र म्हणवून घेतले असतील. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणतो. कसौलीचं अंतर मोजलं की तो शब्द उच्चारताना मी जरा थांबतो.

हे अंतर कमी केलं ते सेम्पल यांनीच. १९११ मध्ये त्यांनी मेंढीच्या मेंदूपासून, कार्बोलिक आम्लाने विषाणू मारून, नवी लस केली. ही बाटलीत भरून दूर पाठवता येत होती. मग रुग्णाने लसीकडे जाण्याऐवजी लस रुग्णाकडे येऊ लागली: आधी मोठ्या शहरांत, मग जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत लस तयार होऊ लागली.

तुमच्या घरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा: ‘कुत्रं चावलं तर काय करायचे?’ उत्तर येईल, ‘पोटात चौदा इंजेक्शनं.’ ती हीच सेम्पलची लस. मेंदूच्या पेशींपासून केलेली असल्याने ती भरपूर द्यावी लागे, म्हणून पोटाच्या कातडीखाली, रोज एक. दुखायचं, सूज यायची. काही रुग्णांना तर लसीमुळेच लकवा व्हायचा. जगातल्या बऱ्याच देशांनी ती सोडून दिली तरी आपल्याकडे चालू राहिली, कारण ती स्वस्त होती. तिचं उत्पादन भारतात थांबलं २००४ च्या अखेरीस. २००४! म्हणजे तोवर लोकांच्या खिशात मोबाईल आले होते आणि कुत्रं चावलेल्या गरिबाच्या पोटात १९११ ची लस जात होती. पैसे असलेले खाजगीत जाऊन दंडावर नवी लस घेत होते.

आता सगळीकडे पेशीसंवर्धित लस मिळते. दंडात, चार किंवा पाच वेळा. जखम खोल असेल तर जखमेतच रेबीज इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, आणि ते दर ठिकाणी मिळेलच असं नाही. चौदा इंजेक्शनांची दहशत मात्र लशीपेक्षा जास्त टिकली. आजही मुलं कुत्रं चावल्याचं घरी सांगत नाहीत, त्यामागे मार बसण्याच्या भीतीबरोबर पोटातल्या त्या सुईचीही भीती असते. बंद होऊन वीस वर्षं झालेली लस अशी अजून माणसं मारते.

* * *

परळचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मुंबईत कधी गेलात तर परळमध्ये एक चक्कर मारा. हाफकिन संस्था, केईएम रुग्णालय, बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचं रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, हे सगळं एकाच उपनगरात, एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. एकीकडे चावलेल्या माणसावर उपचार, एकीकडे चावणाऱ्या जनावरावर, मधे लस. इतकं जवळ असूनही कागदोपत्री ती वेगवेगळ्या जगांत राहिली. आज ‘वन हेल्थ’ म्हणून परिषदा होतात, त्यातलं बरंचसं परळच्या रस्त्यांवर शंभर वर्षांपूर्वी शेजारी शेजारी उभं होतं.

त्या सगळ्या काळात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी एकच धोरण चालू होतं. १८१३ चा नियम मेला नाही, त्याने कपडे बदलले. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातही कलम ४४ आहे: पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी नोटीस काढून ठराविक काळात सापडणारी भटकी कुत्री नष्ट करायला सांगू शकतात. पालिका कुत्री मारत राहिल्या. रेबीज काही गेला नाही. मोकळ्या झालेल्या गल्लीत, उकिरड्याच्या आधाराने, शेजारची कुत्री येत आणि वर्षभरात संख्या पूर्ववत होई.

नव्वदच्या दशकात प्राणीमित्र संस्था न्यायालयात गेल्या आणि मुंबईत मारण्याऐवजी नसबंदीचा मार्ग धरला गेला. २००१ मध्ये केंद्राचे नियम आले: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, कान कातरून खूण करा, होतं तिथेच सोडा. शास्त्राला धरून आहे. पण हे नियम लिहिताना डोळ्यांपुढे महापालिका होती. शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, प्रशिक्षित डॉक्टर, मान्यताप्राप्त संस्था, देखरेख समिती. मानोऱ्याएवढ्या नगरपंचायतीने हे कुठून आणायचं? पूर्वीचा मार्ग कायद्याने बंद आणि नवा खिशाला परवडत नाही. अशा वेळी गावं काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे: कुत्री गाडीत भरून रात्री शेजारच्या गावाच्या शिवारात सोडतात. शेजारचं गाव महिन्याभराने परतफेड करतं.

२०२५ मध्ये हाच वाद सर्वोच्च न्यायालयात तापला. ११ ऑगस्टला आदेश झाला, दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा. देशभर निदर्शनं झाली. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस देऊन परत सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर वगळून. ७ नोव्हेंबरला पुन्हा आदेश, शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचला आणि तिथे परत सोडू नका. फोनवर तुम्ही या वादाचे रील्स पाहिले असतील. एका बाजूला चावे घेतलेली मुलं, दुसऱ्या बाजूला मारलेली पिल्लं. १८३२ च्या जूनमधले मुंबईकर आज उठून आले असते तर त्यांना यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नसतं.

* * *

या गदारोळात दोन आकडे मात्र शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. २०२४ मध्ये देशात कुत्रं चावल्याच्या ३७ लाखांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजचे संशयित मृत्यू ५४, असं सरकारने संसदेत सांगितलं. चाव्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर होता. दुसरा आकडा घरोघरी जाऊन केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा, जो वैद्यकीय नियतकालिकात छापून आला: भारतात वर्षाला अंदाजे ५,७२६ माणसं रेबीजने मरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज तर १८ ते २० हजारांचा होता.

५४ आणि ५,७२६. मधली माणसं कुठे गेली? रेबीज झालेला रुग्ण रुग्णालयात टिकत नाही. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, घरी न्या. तो घरी मरतो, एखाद्या अंधाऱ्या खोलीत, कारण उजेड आणि वारा सहन होत नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलं जातं, लिहिलं तरी जातं का, हा वेगळाच विषय. रुग्णालयाने तो गमावला, आणि गावाच्या वहीत तो ‘ताप’ किंवा ‘मेंदूज्वर’ म्हणून आला, असं होणं काही अवघड नाही. तीन खात्यांच्या मधल्या फटीत कुत्रंच हरवतं असं नाही, माणूसही हरवतो.

ही फट बुजवता येते, त्याचं उदाहरण लांबचं नाही. गोव्यात २०१३-१४ पासून सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने मिशन रेबीज या संस्थेबरोबर काम सुरू केलं. पथकं वाडी-वाडीत फिरायची, मोठ्या जाळ्यांनी कुत्री धरायची, जागेवर लस टोचून सोडायची. कोणत्या गल्लीत किती झाली ते फोनमधल्या ॲपवर लगेच दिसायचं. लक्ष्य एकच, दर वर्षी प्रत्येक भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस. इतकी झाली की रोगाची साखळी तुटते. नसबंदीसाठी ते थांबले नाहीत. ती महाग आणि संथ, लस स्वस्त आणि वेगवान. शाळांत धडे झाले, आणि संशयित कुत्र्याची खबर द्यायला एक दूरध्वनी क्रमांक. खबर आली की पथक जाऊन कुत्रं ताब्यात घ्यायचं, मेलं तर मेंदू तपासायचं, आणि पॉझिटिव्ह आलं तर त्याने कुणाला चावलंय ते शोधून त्या माणसाला लसीसाठी गाठायचं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, माणसांचे मृत्यू शून्यावर आले. २०२१ मध्ये राज्य सरकारने गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं.

गोवा लहान आहे, तिथे पैसा आहे, बाहेरची संस्था होती. हे आक्षेप खरे आहेत. तरी त्या यादीतली सगळ्यात स्वस्त गोष्ट बघा. चावलेला माणूस आणि चावणारं कुत्रं, दोघांची नोंद एका ठिकाणी.

* * *

मानोऱ्याकडे परत येऊ. आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. २००९ चा प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांचा कायदा, ज्याच्या आधारे लम्पीत बाजार बंद केले, त्याच्या परिशिष्टात रेबीजही आहे. आजारी जनावराची शंका आली तर मालकाने, किंवा ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याने, गावपातळीवर कळवायचं, आणि तिथून खबर पशुवैद्यापर्यंत जायची. म्हैस पिसाळली तर हे खरोखर होतं. मालक धावत डॉक्टरकडे जातो. मग तिचं कच्चं दूध कुणी कुणी घेतलं याची चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयाबाहेर लसीसाठी रांग लागते. अशा बातम्या आपण अधूनमधून वाचतो. म्हशीला चावलेलं कुत्रं त्या बातमीत एका ओळीपुरतं असतं.

कारण कुत्रं कुणाच्याच ताब्यात नव्हतं. चावल्यावर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावं, असं प्रत्येक आरोग्यपत्रिकेत लिहिलेलं असतं. कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. पण लक्ष कोण ठेवणार, हे पत्रिकेत नसतं. बहुतेक वेळा दहा तासही जात नाहीत. गल्लीतली पोरं काठ्या घेऊन त्याला गाठतात.

मेलेल्या कुत्र्याला रेबीज होता का, हे कळायला त्याचा मेंदू प्रयोगशाळेत जावा लागतो. डोकं कापून, बर्फात घालून, गळणार नाही अशा डब्यात. आपल्या राज्यात अशी तपासणी पुण्याला औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत होते. एकेकाळी मानोऱ्याच्या माणसाला लस घ्यायला कसौलीला जावं लागलं असतं. आता कुत्र्याच्या डोक्याला पुण्याला जावं लागतं. ते कापणार कोण, बर्फ कोण आणणार, गाडीचं भाडं कोणत्या खात्यातून पडणार? ग्रामीण रुग्णालय म्हणेल, जनावराचं काम आमचं नाही. पशुवैद्य म्हणेल, माझ्याकडे कुणी आणलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी येते. सफाई कामगार हातमोजे नसताना कुत्र्याला पाय धरून उचलतो, ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर मागे टाकतो, आणि गाडी गाणं वाजवत गावाबाहेरच्या डेपोकडे निघून जाते. मुलाची लसीची पुढची तारीख परवाची आहे.